मॅडनमध्ये अंडर सेंटरहून पासिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅडन एनएफएल हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम हातात घेतलेली आपल्याकडची बहुतेक मंडळी शॉटगनमध्ये सुरुवात करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. मीही त्यातलाच. न्यू जर्सीतल्या भाच्याने लागोपाठ तीन रविवार मला धुतलं आणि मग दया येऊन सांगितलं, “मामा, तुझा रनिंग बॅक ज्या बाजूला उभा असतो ना, त्याच्या उलट्या बाजूला तू पळवतोस. मला स्नॅपच्या आधीच कळतं.” (स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करणं, रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा.) त्या दिवशी मी अंडर सेंटर शिकायला घेतलं. त्यानंतर मित्रांनी मला जे विचारलं आणि मी भाच्याला जे विचारलं, ते सगळं इथे आहे. बटणं प्लेस्टेशनची दिली आहेत. एक्सबॉक्सवाल्यांनी त्याच जागेवरचं बटण धरावं.

हा नक्की कुठला फुटबॉल?

अमेरिकन. लांबट चेंडू, अकरा विरुद्ध अकरा, दहा यार्ड पुढे जायला चार संधी. त्या संधीला डाउन म्हणतात. नियमांची उजळणी इथे करत नाही. खेळाचं नाव प्रशिक्षक जॉन मॅडन यांच्यावरून पडलं. पहिली आवृत्ती १९८८ साली अ‍ॅपल २ संगणकावर आली. कमी खेळाडूंचा सुटसुटीत खेळ काढायचा विचार चालला होता, पण मॅडन अडून बसले: अकरा नसतील तर तो फुटबॉलच नव्हे. त्यांच्या हट्टामुळेच फुलबॅक (रनिंग बॅकच्या पुढे राहून वाट मोकळी करणारा) आणि दुसरा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि झेलही घेणारा) आज आपल्या पडद्यावर आहेत. खालची निम्मी उत्तरं त्या दोघांच्या जिवावर उभी आहेत.

अंडर सेंटर म्हणजे काय, आणि शॉटगनपेक्षा वेगळं काय?

क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, सेंटरला, म्हणजे त्याला चेंडू देणाऱ्या खेळाडूला, अगदी खेटून उभा राहतो आणि चेंडू हातातून हातात घेतो. शॉटगनमध्ये तो साधारण पाच यार्ड मागे असतो आणि चेंडू हवेतून येतो. मॅडनच्या प्ले निवडायच्या पडद्यावर सिंगलबॅक, आय-फॉर्म, स्ट्राँग, वीक आणि गोल लाइन ही नावं दिसली की ते अंडर सेंटर समजा. पिस्तूल नावाची मांडणी त्यात येत नाही. तिथे रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या मागे असला तरी क्वार्टरबॅक सेंटरपासून लांबच असतो.

ही पद्धत जुनी आहे. शिकागो बेअर्सने ८ डिसेंबर १९४० रोजी एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा फडशा पाडला, तो टी फॉर्मेशनमधून. क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून, मागे तिघं धावणारे, आणि चेंडू नेमका कोणाकडे गेला ते समोरच्यांना कळेना. अंडर सेंटरचा जीव तेव्हाही त्या ‘कळेना’मध्ये होता, आजही तिथेच आहे.

शॉटगनमध्ये सगळं समोर दिसतं. मग सेंटरला चिकटून कशाला उभं राहायचं?

लेगस्पिनरची गुगली डोळ्यांसमोर आणा. धाव तीच, खांदा तोच, हात फिरतो तोही तसाच. फलंदाजाला फरक कळतो तो चेंडू टप्पा पडून उलटा वळल्यावर. अंडर सेंटरमध्ये रन आणि पासचा पहिला सेकंद तसा हुबेहूब सारखा दिसू शकतो. रनिंग बॅक सात यार्ड मागे मधोमध उभा असतो, त्यामुळे तो डावीकडे जाणार की उजवीकडे याचा पत्ता लागत नाही. चेंडू हातात येईपर्यंत त्याला वेगही आलेला असतो. म्हणून लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या खेळाडूला, रन गांभीर्याने घ्यावाच लागतो, आणि तो दोन पावलं पुढे आला की त्याच्या पाठीमागे जागा मोकळी होते. तुमचा पास त्या जागेत पडायचा असतो.

याची किंमत अशी की नकली हँडऑफ देताना (चेंडू रनिंग बॅकला दिल्याचं नाटक, यालाच प्ले-अ‍ॅक्शन म्हणतात) तुमच्या क्वार्टरबॅकची पाठ बचावाकडे असते. कॅमेऱ्यातून तुम्हाला मैदान दिसतं, त्याला नाही. नक्कल उरकून तो वळेपर्यंत तुम्ही बटण कितीही दाबा, चेंडू सुटायचा नाही. हा सौदा ज्याला पटला त्याने पुढे वाचावं. ज्याला फक्त पाच रिसीव्हर पसरून जो मोकळा दिसेल त्याला फेकायचं आहे, त्याने खुशाल शॉटगनमध्ये राहावं. तिथे ते जास्त चांगलं जमतं.

स्नॅप घेतला की दोन सेकंदांत मी आडवा. काय चुकतंय?

बहुधा डावी स्टिक. स्टिकला हात लावला नाही तर क्वार्टरबॅक ठरलेली पावलं आपणहून मागे जातो आणि थांबतो. आपण मात्र घाबरून स्टिक खाली ओढून धरतो आणि तो दहा-बारा यार्ड मागे पोचतो. दोन कडांचे ब्लॉकर, म्हणजे टॅकल, एज रशरला, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला, बाहेरून लांबचा वळसा घ्यायला लावतात. तो वळसा तुमच्या पाठीमागून निघून जावा असा त्यांचा हिशेब असतो. तुम्ही बारा यार्डांवर जाऊन उभे राहिलात की वळशाचं टोक बरोबर तुमच्या पायाशी येतं. बिचारा टॅकल त्याचं काम नीट करत असतो आणि आपण शिव्या त्याला घालतो. साधारण सात यार्डांवर थांबा, आणि कडेने कोणी येताना दिसला तर मागे किंवा बाजूला न पळता एक पाऊल पुढे टाका.

स्टिक ताब्यात आली तरी सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक आडवा) होत असतील तर माणसं मोजायला लागा. लाइनवर तुमचे पाच ब्लॉकर. समोर सहावा माणूस रेषेवर येऊन उभा राहिला की कुणाला तरी मागे ठेवावंच लागतं. ट्रँगल, मग त्या खेळाडूचं बटण, मग एल१ किंवा आर१: तो डावीकडे किंवा उजवीकडे ब्लॉकला थांबतो. रनिंग बॅक आहे ना, तो बघेल, असं समजू नका. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये तो आधी नक्कल करतो आणि मग ब्लॉककडे वळतो. कडेने सुसाट आलेला माणूस तोवर तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. थांबवायचाच तर त्या बाजूचा टाइट एंड थांबवा.

आणि ब्लिट्झ, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसांचा हल्ला, ढळढळीत दिसत असताना प्ले-अ‍ॅक्शन चालवू नका. सात माणसं रेषेवर वाकून उभी असताना त्यांच्याकडे पाठ करणं म्हणजे बैलाकडे पाठ करून बुटाची नाडी बांधणं. स्क्वेअर दाबा, ऑडिबल करून (आयत्या वेळी डाव बदलून) झटपट स्लँट, म्हणजे तिरका छोटा पास, घ्या किंवा सरळ रन घ्या. एक यार्ड मिळाला तरी सॅकपेक्षा बरा.

प्ले-अ‍ॅक्शन करतो, पण समोरचा फसतच नाही.

प्रत्यक्षातल्या एनएफएलचे आकडे तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की प्ले-अ‍ॅक्शन चालायला आधी रन यशस्वी व्हावाच लागतो असं नाही. लाइनबॅकर सवयीनेच पुढे झेपावतो. संगणकाविरुद्ध खेळताना मलाही थोडंफार तसंच दिसलं. पण सोफ्यावर बसलेला माणूस सवयीवर जात नाही, तो तुमच्यावर जातो. तुम्ही आय-फॉर्म फक्त पाससाठी उघडता हे त्याच्या दोन ड्राइव्हमध्ये (चेंडू तुमच्याकडे असलेल्या दोन पाळ्यांत) लक्षात येतं. म्हणून जी मांडणी पाससाठी वापराल, तिच्यातूनच रनही घ्या, आणि दोन्ही एकाच दिशेला.

माझ्या नेहमीच्या वापरातलं उदाहरण देतो. आपल्या २५ यार्डांवर फर्स्ट अँड टेन (पहिला डाउन, दहा यार्ड हवेत). सिंगलबॅक एस: दोन टाइट एंड, दोन वाइड रिसीव्हर, एक रनिंग बॅक. पहिल्या ड्राइव्हमध्ये इथूनच उजवीकडे एचबी स्ट्रेच (रनिंग बॅकचा कडेकडे जाणारा रन) दोनदा किंवा तीनदा. चार यार्ड, दोन यार्ड, कधी सहा. फार हाव नाही. दुसऱ्या ड्राइव्हला तीच मांडणी, तसाच स्नॅप, सगळी लाइन तशीच उजवीकडे सरकते, पण चेंडू पोटाशीच राहतो. या क्षणी रिसीव्हरकडे बघू नका. मधल्या लाइनबॅकरच्या टाचा बघा. त्या उचलल्या जाऊन तो पुढे आला की त्याच्या डोक्यामागे, पंधरा यार्डांवर, डावीकडून उजवीकडे आडवा धावणारा रिसीव्हर तुमचा. लाइनबॅकर जागचा हलला नाही किंवा उलट मागे सरकला, तर तोच रिसीव्हर विसरा आणि त्याने मोकळी सोडलेली पुढची जागा घ्या: टाइट एंड फ्लॅटमध्ये (कडेच्या जवळच्या पट्ट्यात), पाच यार्ड. सगळा निर्णय एका माणसाच्या टाचांवर. पाच जणांवर नजर फिरवण्याइतका वेळ अंडर सेंटरमध्ये मिळतच नाही.

पास कोणाला द्यायचा हे निम्मंअधिक स्नॅपच्या आधीच ठरलेलं असावं, ते यामुळेच.

बूटलेगला क्वार्टरबॅक वळतो आणि एक माणूस थेट तोंडावर येतो. हा डाव तुटलेला आहे का?

नाही. बूटलेग म्हणजे रन एका बाजूला दाखवून क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूला पळणं. त्या कडेच्या माणसाला मुद्दामच कोणी ब्लॉक केलेलं नसतं. तो रनच्या मागे धावेल अशी पैज लावलेली असते, आणि पैज कधीकधी हरते. तसं झालं तर फ्लॅटमधला माणूस ताबडतोब घ्यायचा. नावात ‘स्लाइड’ असलेल्या प्लेमध्ये टाइट एंड किंवा फुलबॅक ब्लॉकला चालल्यासारखं दाखवत लाइनच्या मागून दुसऱ्या बाजूला निसटतो. तो खास याच वेळेसाठी ठेवलेला असतो. त्याला हलका टच पास द्या. बुलेट, म्हणजे जोरात सपाट पास, मारलात तर तीन यार्डांवरून त्याच्या छातीवर आपटून चेंडू सुटतो.

बाहेर पळताना आर२ धरून ठेवायची सवय मोडा. वेग सोडा, खांदे पुढे येऊ द्या, मग फेका. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक डावीकडे पळवून लांब फेकायला लावणं हा जुगार आहे. तिकडे फक्त फ्लॅट आणि जवळचा क्रॉस (आडवा धावणारा).

एकच बूटलेग पुन्हा पुन्हा केलात तर समोरचा दोन्ही कडा बांधून टाकेल. २०१८ च्या मोसमात प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांचे लॉस एंजेलिस रॅम्स स्ट्रेच आणि त्यावरून प्ले-अ‍ॅक्शन या जोडीवर भल्याभल्यांना नाचवत होते. मोसमाच्या अंतिम सामन्यात, ५३ व्या सुपर बोलमध्ये, पेट्रियट्सनी रेषेवर सहा माणसं उभी केली, कडा बंद केल्या आणि मागे चार जण खोल ठेवले. रॅम्सचे गुण झाले ३, सामना गेला १३–३. भारतात तो सोमवारी पहाटे पाचला सुरू झाला. मी गजर लावून उठलो आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पुन्हा पेंगायला लागलो. पण तुम्हाला अशी सहांची भिंत दिसली तर त्या दिवशी रॅम्सना जे जमलं नाही ते करा: मधून रन, आणि झटपट छोटे पास.

नक्कल न करता अंडर सेंटरहून साधा पास चालतो का?

चालतो, आणि लोक त्याला उगीच विसरतात. तीन पावलं मागे, स्लँट. पाच पावलं मागे, कर्ल (पुढे जाऊन मागे वळणं) किंवा आउट (कडेकडे वळणं). प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची अख्खी पद्धत क्वार्टरबॅकची पावलं आणि रिसीव्हरची पावलं जुळवण्यावर बेतलेली होती. मॅडनमध्येही मागे जाणं संपलं, पाय टेकला, की चेंडू सुटलेला असावा. टेकल्यावर विचार सुरू केलात तर उशीर झाला.

इथे खरा फायदा माणसांच्या निवडीतून येतो. तुम्ही दोन टाइट एंड किंवा फुलबॅक आणलात की समोरचा बहुधा तीन-चार लाइनबॅकर घेऊन येतो. मग तुमच्या चपळ टाइट एंडवर किंवा रनिंग बॅकवर एखादा जडशीळ लाइनबॅकर येतो, आणि त्याला पळवणं हे रिसीव्हरवर नेमलेल्या चपळ कॉर्नरबॅकला पळवण्यापेक्षा केव्हाही सोपं. समोरच्याने तरीही पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास राखणारे हलके खेळाडू) ठेवले? मग पासचा नाद सोडा आणि त्या हलक्या माणसांच्या अंगावर रन घाला.

लांबचा पास कधी मारावा?

सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा बचावपटू, बघून. मागे मधोमध एकच सेफ्टी असेल आणि रन थांबवायला दुसरा पुढे आलेला असेल, तेव्हा. प्रशिक्षक ज्याला यांकी म्हणतात ती जोडी मला सगळ्यात आवडते: एका बाजूने खोल पोस्ट (सरळ जाऊन मैदानाच्या मध्याकडे वळणं), दुसऱ्या बाजूने त्याच्या खालून लांब आडवा क्रॉस, बाकी सगळे ब्लॉकला. रिसीव्हर दोनच, पण सात-आठ जण तुम्हाला राखतात. एकटा सेफ्टी पोस्टमागे गेला तर क्रॉस, क्रॉसवर उतरला तर पोस्ट. दोन सेफ्टी खोल उभे असतील तर हा मोह टाळा.

बुलेट, टच की लॉब?

क्रॉसला बुलेट, फ्लॅटला टच, पोस्टला लॉब (उंच पास), आणि फेकताना डावी स्टिक रिसीव्हर जिकडे धावतोय तिकडे. दोन बचावपटूंच्या मधून आडवा जाणाऱ्याला लॉब दिलात तर तो पास नव्हे, नैवेद्य. कोणीच मोकळं नसेल तर उजवी स्टिक आत दाबून चेंडू बाहेर फेका. बूटलेगमध्ये तुम्ही आधीच पॉकेटबाहेर (ब्लॉकरांच्या कोंडाळ्याबाहेर) असता, तिथे असा चेंडू टाकायला लाज कसली?

थर्ड अँड ट्वेल्व्हला प्ले-अ‍ॅक्शन?

नको. बारा यार्ड हवे असताना रन येईल असं कुणाला वाटणार? पाठ फिरवण्याची किंमत मोजायची आणि फसणारा कोणीच नाही. शॉटगनमध्ये जा. उलट थर्ड अँड वन, सेकंड अँड टू, हे अंडर सेंटरचे हक्काचे डाउन. सेकंड अँड टूला लांब मारा. पडला तरी थर्ड अँड टू हातात आहे.

गोल लाइनवर पास करावा की नाही?

करावा, पण आधी एक-दोनदा रन घेऊन. तिथे सगळे आत घुसायला टपलेले असतात, आणि नुकता ब्लॉक करत होता तो माणूस हळूच निसटला तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पेट्रियट्सचा लाइनबॅकर माइक व्रेबल अशा वेळी टाइट एंड म्हणून मैदानात यायचा. नियमित मोसमात त्याने कारकिर्दीत दहा झेल घेतले आणि दहाही टचडाउन (गोल लाइनपलीकडचे). तुमच्या प्लेबुकमधल्या (संघाच्या डावांच्या संचातल्या) गोल लाइन प्ले-अ‍ॅक्शनमध्ये तो व्रेबल शोधा. नक्कल झाली की लगेच फेका. तिथे मैदान आखूड असल्यामुळे उशीर केला की सगळे पुन्हा जागेवर येतात.

“सीहॉक्सनी एक यार्डावरून पास केला आणि सुपर बोल घालवला,” हे वाक्य कोणीतरी ऐकवणारच. फेब्रुवारी २०१५ मधला तो पास शॉटगनमधून होता आणि त्यात कसलीही नक्कल नव्हती. आमच्या खात्यावर तो मांडू नका.

कुठलं प्लेबुक आणि कसा क्वार्टरबॅक?

फोर्टीनाइनर्स किंवा रॅम्सचं घ्या. सिंगलबॅक आणि आय-फॉर्म पोटभर मिळतात. फोर्टीनाइनर्सकडे बरीच वर्षं काइल जुसचेक हा खराखुरा फुलबॅक आहे. तो ब्लॉकही करतो आणि झेलही घेतो, त्यामुळे आय-फॉर्ममधल्या पासला अर्थ येतो. क्वार्टरबॅक निवडताना लोक फक्त थ्रो पॉवर बघतात. तुम्ही प्ले अ‍ॅक्शन, थ्रो ऑन द रन आणि थ्रो अंडर प्रेशर हे तीन आकडे बघा. प्ले अ‍ॅक्शनचा आकडा चांगला असेल तर बचावपटू नकलेवर जास्त विश्वास ठेवतात. पायाने मंद क्वार्टरबॅक चालतो, फक्त त्याला बूटलेगला लावू नका.

भारतातून ऑनलाइन खेळताना हे जमतं का?

अमेरिकेतल्या माणसाशी खेळताना सिग्नलला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागते. मॅडन २३ पासून आलेल्या स्किल-बेस्ड पासिंगमध्ये मीटर अचूक जागी थांबवावा लागतो, आणि त्या विलंबात माझा मीटर हमखास पुढे जातो. म्हणून भाच्याशी खेळताना मी जुनी साधी पासिंग पद्धत लावतो आणि बटण एक श्वास आधी दाबतो. वाय-फायऐवजी केबल जोडल्यावर फरक पडला, चमत्कार नाही झाला.

सराव कसा करावा?

प्रॅक्टिस मोडमध्ये तीनच प्ले घ्या: एक स्ट्रेच, त्यावरचा एक प्ले-अ‍ॅक्शन क्रॉस, एक बूटलेग. पहिले दहा स्नॅप चेंडू फेकूच नका, फक्त लाइनबॅकर बघा आणि तोंडाने म्हणा: “आला” किंवा “थांबला”. घरचे विचित्र नजरेने बघतील. मग दहा स्नॅप फेका. मग बचाव बदलून पुन्हा. मला साधारण दोन आठवडे लागले. त्यानंतरच्या रविवारी भाच्याचा मधला लाइनबॅकर स्ट्रेचमागे धावत गेला, क्रॉस त्याच्या डोक्यावरून आरपार, ४१ यार्ड. हेडफोनमध्ये थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, “मामा, परत कर बघू.” केला. या वेळी इंटरसेप्शन, चेंडू त्याच्या हातात.